आवाजाशेजारची चिठ्ठी

जॉर्ज ग्रिअर्सन यांनी 1894 साली हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी हाती घेतली तेव्हा आमचं गंगापूर निजामाच्या राज्यात होतं, आणि हैदराबाद संस्थान त्या पाहणीतून वगळलेलं होतं. पुढं 1928 पर्यंत ते काम चाललं, जाडजूड खंड निघाले. गोदाकाठच्या या गावांचं बोलणं मात्र त्या कामाच्या कक्षेत आलंच नाही. सकाळी वाळूजच्या कारखान्यांकडं निघालेल्या माणसांचं मोठमोठ्यानं चाललेलं बोलणं कानावर पडतं, तेव्हा मला ही गोष्ट हटकून आठवते. बोलणं असतं, भरपूर असतं. ते कुणीतरी टिपून नीट ठेवावं लागतं.

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडं, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची भाषा आहे. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. तिच्यात कोरकू, मराठी असे शेजारचे शब्द पुष्कळ आलेत, पण तिचा गाभा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसवता आलेला नाही. दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांची नावं जनगणना स्वतंत्रपणे छापत नाही, त्यामुळं सरकारी तक्त्यात निहाली दिसत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना शैलेंद्र मोहन यांनी या भाषेचं ध्वनिमुद्रण केलं आणि ते ‘एलार’ या धोक्यातल्या भाषांच्या संग्रहात ठेवलं. हा संग्रह आधी लंडनला होता, 2021 पासून बर्लिनला आहे.

मुद्रण केलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कोण बोललं, वय काय, गाव कोणतं, दिवस कोणता, विषय काय, शेजारी आणखी कोण बसलं होतं, मुद्रण कुणी केलं, हे सगळं आवाजाशेजारी लिहून ठेवावं लागतं. मग शब्दन् शब्द उतरवायचा, त्याचा अर्थ द्यायचा. मूळ फाइल न दाबता, न कापता जपायची आणि तिच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. तासाभराचं बोलणं उतरवायला दिवसचे दिवस जातात. म्हणूनच हे काम मागं पडतं, आणि म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं त्यांच्या नातवानं मोबाइलवर घेतलेलं मी ऐकलं. बाबा विहिरीचं पाणी बैलांकरवी उपसायच्या मोटेबद्दल सांगत होते. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं असे शब्द भराभर येत होते. ‘हा जाड तो नाडा, आन् ह्यो बारीक त्यो सोंदूर,’ असं म्हणताना ते हातानं काहीतरी दाखवत असणार. फाइलीत फक्त आवाज होता. फाइलीला नाव नव्हतं, नुसता एक आकडा. पोरानं ती व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि फोन बदलताना मूळ प्रत गेली. आज नातू आहे म्हणून हा आवाज कुणाचा ते कळतं. चाळीस वर्षांनी एखाद्या पोरीला ही फाइल सापडली, तर तिला एक म्हातारा माणूस विहिरीबद्दल काहीतरी सांगतोय एवढंच कळेल. नाडा दोर की माणूस, याचाही उलगडा होणार नाही. कागदाच्या कपट्यावर चार ओळी असत्या, मोटेचं एक चित्र असतं, तर तिचं काम भागलं असतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे परवानगी. सगळंच बोलणं सगळ्यांसाठी नसतं. बायकांनी बायकांतच म्हटलेली गाणी असतात, घरातली भांडणं असतात, मेलेल्या माणसांची नावं असतात. चांगल्या संग्रहात यासाठी वेगवेगळी कुलपं असतात: काही मुद्रणं सगळ्यांना खुली, काही विचारल्यावर मिळणारी, काही बंद. ते कुलूप कसं असावं हे बोलणाऱ्यानं ठरवायचं. आपण मात्र आजीचा आवाज टिपतो आणि तिला न विचारता तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मोकळे होतो. तिच्यावर प्रेम आहे म्हणून तसं करतो हे मला कळतं, तरीही ते मला पटत नाही.

टिपण्यासारखं बोलणं शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, आणि आपल्या घराघरांतली मराठीही पिढीगणिक बदलते आहे. त्यामुळं आज घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांचं बोलणं टिपणार असाल, तर सुरुवातीलाच त्यांचं नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. झाल्यावर ते त्यांना ऐकवा. कुणाला ऐकवलेलं चालेल आणि कुणाला नाही, ते विचारा, आणि त्यांचं उत्तरही त्याच मुद्रणात राहू द्या.