साक्ष त्यांची, निकाल कोणाचा?



पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात मलंगगडाकडच्या वाड्यांतून ठाकूर आणि कातकरी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन येऊन बसतात. जुडीबरोबर काकडाची आंबट, हिरवी फळे देतात. शेवळे नुसतीच शिजविली तर घसा खाजतो; काकडाच्या आंबटाने ती खाज मारली जाते. हे त्या बाईला कोणत्या शाळेने शिकविले? शेवळ कोणत्या आठवड्यात वर येते, कोठे येते, कंद जमिनीत राखून कोंब कसा खुडावा, हे सारे ती जाणते. आपण मात्र चार पैशांसाठी तिच्याशी घासाघीस करतो आणि पाठ वळली की तिला अडाणी म्हणतो.

तेव्हा आज आपण एक प्रश्न नीट तपासून पाहू या. जे ज्ञान पुस्तकात नाही, ते ज्ञान नव्हे काय? आणि ज्याला रान कळते, त्याला रानाच्या कारभारात मत असावे की नसावे?

इंग्रज सरकारने १८७८ आणि १९२७ सालच्या कायद्यांनी रान खात्याच्या ताब्यात घेतले. कातकऱ्यांचे नावच मुळी कातावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा धंदा. रान राखीव झाले, धंदा सुटला, आणि खैर पारखणारा माणूस वीटभट्टीवर मजूर झाला. त्याला जे कळत होते ते खोटे ठरले नव्हते. त्याचे मत विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, एवढेच.

हा अन्याय आपल्याला परका नाही. आपले आजे-पणजे गावची शीव जाणत. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. कोणता दगड कोणी पुरला, ओढा पूर्वी कोठून वाहत होता, हे त्याला तोंडपाठ. परंतु ज्याच्या शब्दावर शीव ठरे, त्याला त्याच गावच्या पंचांत बसायला जागा नव्हती. साक्ष त्याची आणि निकाल दुसऱ्याचा! ज्ञान घ्यायचे आणि ज्ञानी माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही रीत आपल्याइतकी कोणी भोगली आहे?

हा प्रश्न केवळ आपल्या देशापुरता नाही. कॅनडाच्या उत्तरेला बर्फाळ मुलखात कॅरिबू नावाच्या रानटी हरणांचे मोठमोठे कळप फिरतात. इनुइट आणि देने हे तेथील मूळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर जगत आले. १९८० च्या सुमारास सरकारी शास्त्रज्ञ विमानातून मोजणी करून म्हणाले की कळप झपाट्याने घटत आहेत. शिकारी म्हणाले, घटलेले नाहीत, दुसरीकडे गेले आहेत. पुढच्या मोजणीत संख्या बरीच अधिक भरली. १९८२ साली दोन कळपांसाठी एक मंडळ नेमण्यात आले. त्याच्या तेरा जागांपैकी आठ जागा त्या लोकवस्त्यांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. शेवटचा अधिकार सरकारनेच राखला, मंडळाने फक्त शिफारस करायची. तरीही काल ज्यांना केवळ माहिती विचारली जात होती, ते आज चर्चेच्या टेबलाशी बसले.

आपल्या महाराष्ट्राने याच्याही पुढचे पाऊल पाहिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे छोटे गाव आहे. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू हे गौण वनोपज असूनही खाते वाहतुकीचा परवाना देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात.

येथे कोणी विचारील, जुने ते सारे खरे मानायचे काय? मग भगताच्या अंगात येणेही ज्ञानच म्हणायचे काय? नाही! तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना हेच समजावले, की एखादी गोष्ट परंपरेने आली एवढ्याने ती स्वीकारू नये; स्वतः तपासावी, हिताची ठरली तर घ्यावी. मेंढ्याच्या लोकांनी हेच केले. पूर्वी तेथे आग लावून मध काढीत, त्यात मधमाश्या जळून मरत. गावाने अभ्यासगट केला, जाणकारांना बोलाविले, आणि माश्या न मारता मध काढण्याची रीत आपलीशी केली. नदीत विष कालवून मासे मारण्याची जुनी चालही विचार करून सोडली. कोणत्याही साहेबाने दंड केला म्हणून नव्हे. निर्णय आपला असला म्हणजे चूक सुधारण्याची जबाबदारीही आपली होते. ज्याला निर्णयाचा हक्कच नाही, तो आपले ज्ञान तपासणार तरी कशासाठी?

म्हणून ज्ञान तपासावे, मग ते आजीचे असो की शास्त्रज्ञाचे. दोघांना कसोटी एकच असावी. आणि ज्याचे ज्ञान घेतले त्याला निर्णयात जागा द्यावी. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच नीतीची आहे. शहाणपण घेऊन माणूस नाकारणे ही चोरीच आहे, आणि अदिन्नादानापासून दूर राहण्याचे शील आपण रोज म्हणतो.

आपल्या घरांत आता लिहिता येणारी मुले-मुली आहेत. जवळच्या एखाद्या वाडीवर वनहक्काचा दावा लिहायचा असेल तर त्यांना पाठवा. पण त्यांना एवढे सांगून पाठवा, की लेखणी आपली असली तरी शब्द वाडीचे असू द्या. वाडीतील म्हातारी सांगेल तसे लिहा, लिहिलेले तिला वाचून दाखवा, आणि तिने होय म्हटल्यावरच कागद पुढे न्या.