दिसला का?

काही प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्यानंच ठरवून टाकलेली असतात. ‘भाजी जमलीय ना?’ ‘ओळखलंत ना मला?’ ‘आमचा बंड्या छान गातो, नाही?’ अशा वेळी ‘हो’ म्हणायचं असतं. न म्हणणारी माणसं सत्यवादी म्हणून नावाजली जातात आणि पुन्हा जेवायला बोलावली जात नाहीत. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली : ‘दिसला का?’

झालं असं, की आम्ही दोघं पोर्टलंडला लेकीकडे गेलो होतो. तिथं तिचं स्वयंपाकघर सुधारण्याचं काम आम्ही हाती घेतल्यावर तिनं आम्हाला घाईघाईनं एका पक्षीनिरीक्षकांच्या टोळीबरोबर मॅल्हूर अभयारण्याकडे धाडून दिलं. पक्ष्यांच्या बाबतीत माझं ज्ञान म्हणजे कावळा, चिमणी आणि ‘इतर’.

ऑरेगन म्हणजे पाऊस आणि हिरवी झाडी, असं मी समजून होतो. पण कॅस्केडचे डोंगर ओलांडले, की महाबळेश्वरावरून माणदेशात उतरल्यासारखं होतं. पाऊस डोंगरातच संपतो आणि पलीकडे चार हजार फुटांवरचं कोरडं पठार लागतं. नजर पोचेल तिथवर सेजब्रशची राखी झुडपं. हिनं एक पान चुरगळून नाकाशी धरलं आणि ओरडली, “अहो, हा तर दवणा!” मी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात आमच्या म्होरक्यानं झुडपाचं शास्त्रीय नाव सांगितलं, आर्टेमिसिया. “म्हटलं नव्हतं? आपला दवणाही आर्टेमिसियाच!” बॉटनीची पदवी चाळीस वर्षांनी कामी आली. तिकडे चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात. इथं त्याचा चुलतभाऊ मैलोन् मैल कुणाला न वाहता उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्हाला अंधारात गाडीत बसवून ठेवलं. बोलायचं नाही, दार उघडायचं नाही. उजाडलं, तर समोरच्या मोकळ्या जागेत वीस-बावीस सेज ग्राउज नर शेपट्या पसरून उभे! छाती फुगवून, तिच्यावरच्या दोन पिवळ्या पिशव्यांतून बुडबुडे फुटल्यासारखे आवाज काढत होते. माद्या मधून मंडईत भाव विचारत फिरावं तशा फिरत होत्या आणि कुणालाच पसंत करत नव्हत्या. हे मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. यात वाद नाही.

वाद पुढे आहे. दुपारी आम्ही पाणथळीवर पोचलो. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून या खोलगट मुलखात पाणी पसरतं. बर्न्स गावाजवळच्या गवताळ कुरणांतही ते भरतं आणि उत्तरेकडे निघालेले पांढरे स्नो गूज तिथं हजारांनी उतरतात. मॅल्हूरच्या तळ्याला १९०८ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी संरक्षण दिलं. बायकांच्या टोप्यांवर तुरे लावण्यासाठी तिथले बगळे मारून संपवत आणले होते.

तर तिथं वेतासारख्या उंच गवतात म्होरक्याला बिटर्न दिसला. हा बगळ्याच्याच जातीचा. पण रंग वाळक्या गवताचा, अंगावर गवताच्याच रेघा, आणि चाहूल लागली की चोच आकाशाकडे करून गवत होऊन उभा राहतो. म्होरक्यानं दुर्बीण रोखली आणि आम्ही रांग लावली. “तिसऱ्या काडीच्या डावीकडे. दिसला का?” मला माझी पापणी दिसली. मग गवत. मागे सात माणसं ताटकळलेली. म्होरक्याचा चेहरा बारशाला पाळण्यावरचं दुपटं बाजूला करणाऱ्या आजोबांसारखा. मी म्हणालो, “वा! सुंदर!”

“खरंच दिसला?” हिनं मराठीत विचारलं.

“म्हटलं ना, सुंदर म्हणून!”

रात्री यादी झाली. म्होरक्या एकेक नाव वाचतो, ज्याला दिसला त्यानं हात वर करायचा. बिटर्नला माझा हात वर गेला. टोळीत ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. पन्नास वर्षं पक्षी पाहणाऱ्या. दुर्बिणीशी सर्वांत जास्त वेळ त्याच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “नाही. मला नाही दिसला.” बस, एवढंच. माझा हात मात्र उतरेना. वर ठेवणं जड आणि खाली घेणं त्याहून जड.

रात्री झोप येईना. मी स्वतःची वकिली करत होतो. पक्षी होता, म्होरक्यानं पाहिला होता, यादीतला आकडा माझ्या हातानं बदलणार नव्हता. मग बिघडलं कुठे? अप्रिय सत्य बोलू नये, हे तर आपल्याकडे सांगूनच ठेवलंय. प्रिय असत्यही बोलू नये, हे त्याच दमात सांगितलंय. पण ते आपण सोयीनं विसरतो.

आणि मला आमच्या खानदेशातला वनपिंगळा आठवला. १८८४ नंतर या छोट्या घुबडाचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नव्हता. फक्त रिचर्ड माइनर्टझागेन या नामांकित इंग्रजानं १९१४ साली गुजरातेत एक मिळवल्याची नोंद होती. ती खोटी निघाली. जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती! पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला. १९९७ च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ वनपिंगळा सापडला. एकशे तेरा वर्षांनी!

माइनर्टझागेन चोर होता, मी नुसता भिडस्त. पण पक्ष्यांच्या हिशेबाला पावती नसते. ‘मी पाहिला’ एवढ्या शब्दावर सगळा व्यवहार. आणि चोराचा ‘हो’ काय, भिडस्ताचा ‘हो’ काय, वहीत सारखाच दिसतो.

त्याहून वाईट विचार पहाटे सुचला. मी ‘नाही’ म्हटलं असतं, तर म्होरक्यानं आनंदानं पुन्हा दाखवला असता. माझ्या ‘हो’नं फसला तो मीच. ‘हो’ म्हटल्यावर माणूस बघायचं थांबतो.

उठलो, तर त्या बाई अंगणात कोट घालून उभ्या. पुन्हा तिकडेच निघाल्या होत्या. मी म्हणालो, “मलाही नव्हता दिसला.” त्या म्हणाल्या, “मला कळलं होतं. तुम्ही फारच लवकर सुंदर म्हणालात.” आम्ही दोघं गवताकडे बघत तासभर थंडीत कुडकुडलो. बिटर्न दिसला नाही. पण गवतातून जुना हातपंप हापसावा तसा आवाज तीनदा आला. बाईंनी वहीत लिहिलं, ‘फक्त ऐकला.’ मीही तेच लिहिलं. सकाळी म्होरक्याला सांगून आदल्या रात्रीचा हात रीतसर खाली घेतला. त्याला वाईट वाटलं नाही. उलट पुढचे दोन दिवस तो प्रत्येक पक्षी मला तीन-तीनदा दाखवत होता.

पोर्टलंडला परतल्यावर लेकीनं पानात पालकाची भाजी वाढली आणि विचारलं, “बाबा, जमलीय ना?” ही माझ्याकडे बघत होती.

पक्ष्यांच्या बाबतीत मी सुधारलोय. भाजीचं पुढच्या खेपेला बघू.