शोधाची मजुरी

जुन्या पिकअपच्या स्टिअरिंग कॉलममध्ये अल्प जागेत अनेक कार्यांचे दुवे एकवटलेले असतात. इग्निशन, दिवे, डिपर, इंडिकेटर, वायपर आणि हॉर्न यांच्या तारा तिथेच एकत्र येत असल्यामुळे बिघाडाची लक्षणेही परस्परांत मिसळतात. वाहनांच्या वायरिंगचे काम हाती घेतल्यापासून या कॉलमने मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा इंजिनाने कधी लावला नाही.

चालकाची तक्रार बहुधा ठरलेली असते: रात्री दिवे मंदावतात, मध्येच जातात, कॉलमवर थाप मारली की परत येतात. गाडी दारात उभी राहते तेव्हा मात्र सर्व यथास्थित असते. मीटरही पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. गेओर्ग ओहमने 1827 मध्ये मांडलेल्या नियमानुसार तारेतली विद्युतदाबाची घट म्हणजे प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार. मीटर स्वतः प्रवाह जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे तारेचा एकच धागा शाबूत असला तरी आकडा निर्दोष येतो. 60 वॅटचा दिवा जोडून मोजले, की खरी स्थिती कळते. संपर्कात केवळ 1 ओहमचा रोध असला, तरी दाबाचा सुमारे तिसरा हिस्सा तिथेच खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते.

कित्येक जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह रिलेविना थेट कॉलमवरच्या स्विचमधून जातो. काळवंडलेला संपर्क तापतो, प्लास्टिक मऊ पडते, आणि संपर्क आणखी सैल होतो. हॉर्नचे निराळे. त्याचे बटण पुष्कळदा रिलेची तार बॉडीला टेकवण्यापुरतेच असते. आवरण झिजलेली तार वळणावर पत्र्याला घासली, की कोणी न दाबताही हॉर्न वाजतो. (पुढच्या गाडीचा चालक त्यावर काय म्हणतो, ते इथे लिहिण्याजोगे नाही.)

नवा स्विच बसवणे हे तुलनेने सोपे काम आहे. जुना भाग ग्राहकाच्या हातात ठेवता येतो, नव्याची पावती दाखवता येते, आणि काही दिवस दोष दिसतही नाही. शोधात गेलेला वेळ मात्र अदृश्य राहतो. निदान जितके अचूक, तितकी दुरुस्ती क्षुल्लक भासते. कप्लरमधली एक पिन घट्ट करण्यात दुपार गेली, हे पहाटे कांदा घेऊन बाजार समितीत पोहोचायचे आहे त्या माणसाने का मान्य करावे? त्याचा संशय मला अन्यायकारक वाटत नाही. अनावश्यक भाग बदलून आमच्या व्यवसायानेच तो ओढवून घेतला आहे. म्हणून पुराव्याचे दायित्व कारागिराकडे येते. भाग बदलण्यापूर्वी भार जोडून घट दाखवावी, दुरुस्तीनंतर ती पुन्हा मोजावी, आणि दोष सापडला नसेल तर तो गेला असे म्हणू नये.

बिलावर मी शोधाची मजुरी वेगळ्या ओळीत लिहितो. काही ग्राहक ती खोडायला सांगतात. रक्कम कमी करण्यास माझी हरकत नसते. ओळ मात्र मी राहू देतो.