बोलीचे प्रामाण्य

प्रमाणभाषा मूळ आणि बोली हा तिचा अपभ्रंश, ही समजूत आपल्या मनात इतकी रुजलेली असते की तिच्यात दडलेला नैतिक निवाडा सहसा ध्यानातच येत नाही. म्यानमारमधील दक्षिण शान प्रदेशातल्या तौंग्यो लोकांची बोली हा निवाडा तपासून पाहायला लावते. 'तौंग्यो' म्हणजे डोंगररांग. पगानकालीन बर्मी शिलालेखांत 'क्ल', 'प्ल' असे व्यंजनसंयोग आढळतात. प्रमाण बर्मीच्या उच्चारातून त्यांतला 'ल' पुढे लोपला आणि बहुधा 'य' त्याच्या जागी आला. तौंग्यो बोलीत तो 'ल' टिकून आहे. शहरी कानाला जो उच्चार गावंढळ वाटावा, तो एके काळी पगानच्या शिळांवर कोरला गेला होता.

परंतु एवढ्याने बोलीला न्याय मिळाला, असे मानता येत नाही. जुने जपले म्हणून मान द्यायचा, तर जिने जुने काहीच जपले नाही अशा बोलीचे काय? असा मान वस्तुसंग्रहालयातला ठरतो. शेजारचे दनू लोकही बर्मीचीच एक बोली बोलतात. २००८ च्या राज्यघटनेने त्यांना स्वयंशासित विभाग दिला, तौंग्यो लोकांना दिला नाही. येथे ध्वनिशास्त्राचा निर्णय चालत नाही, हे उघड आहे.

ज्या बोलीत आई मुलाला हाक मारते, तिला शिलालेखाची साक्ष का लागावी? बोलीचा अधिकार बोलणाऱ्याच्या माणूसपणातून येतो. तिचे वय हा अभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय आहे.