साम्याचं ऋण

नुंगंबाक्कममधल्या औषधाच्या दुकानातून मी दरमहा लिथियम आणतो. या गोळीमागे प्राणी आहेत. जॉन केड यांनी लिथियमचे क्षार आधी गिनीपिगांना टोचले, मग स्वतः घेतले, मग रुग्णांना दिले. १९४९ साली ते प्रसिद्ध केलं. १९७४ साली उंदरांना लिथियमच्या जोडीला सेरोटोनिनचा नाश रोखणारं औषध दिलं, तेव्हा ते अतिचंचल झाले. त्या धावपळीत संशोधकांना लिथियमचा सेरोटोनिनवरचा परिणाम दिसला.

उंदराच्या वागण्यावरून माझ्या मेंदूविषयी काही कळतं, कारण तो माझ्यासारखा आहे. त्याला पिंजऱ्यात ठेवता येतं, कारण तो माझ्यासारखा नाही. दोन्ही विधानं आपण एका दमात करतो. साम्य असं सोयीनं ताणता-आखडता येत नाही: मेंदू जितका माझ्याजवळचा, तितकी त्याची भीतीही जवळची.

याच शहरातल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला, त्यातून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्यातही प्रयोगांना मुभा आहे. अट अशी, की अनावश्यक वेदना नको. सगळा प्रश्न ‘अनावश्यक’ या शब्दात दडलेला आहे.

गोळी मी सोडणार नाही. उंदराचे आभार मानणंही खोटं; त्यानं दिलं नाही, आपण घेतलं. देणं फेडायचं तर एवढंच: ज्या प्रश्नाच्या उत्तरावाचून कुणाचं अडत नाही, त्यासाठी पुढचा उंदीर मागू नये.