ढाल टेबलावर ठेव

ढाल टेबलावर ठेव आणि उभा राहा. टाळ्या काल वाजल्या, आज माझं ऐक.

‘मौनाचे सामर्थ्य’ या विषयावर सात मिनिटांच्या जागी तू साडेनऊ मिनिटं बोललास. दुसरी घंटा झाली तरी थांबला नाहीस. परीक्षकांना त्यात वक्तृत्व दिसलं, मला हपापलेपणा दिसला. तेही मी सोडून दिलं असतं, पण तू गांधीजींना मध्ये ओढलंस. ते सोमवारी मौन पाळत, त्यातून त्यांना मनःशांती लाभे, एवढं पाठ करून हात हवेत फिरवलेस. पुढचं वाचलंस? बोलण्याचा ताण टळावा आणि लिखाणाला सवड मिळावी, म्हणून त्यांनी ती सवय लावून घेतली होती. २ जून १९४७ हाही सोमवारच. फाळणीची योजना घेऊन बसलेल्या माउंटबॅटनसमोर गांधीजी जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर उत्तरं लिहीत होते. त्यातच त्यांनी लिहिलंय की, मौन घेताना दोन सवलती राखून ठेवल्या होत्या. तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्यांशी बोलायचं असेल तर, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करायची असेल तर. दुसरी सवलत नीट लक्षात घे. समोरचा विव्हळत असेल तर व्रत बाजूला!

आता परवा रात्रीचं बोल. वसतिगृहात तुझ्या खोलीसमोर आठवीतल्या पोराला चौघांनी जातीवरून हिणवलं, त्याला ताट घेऊन लांब बसायला लावलं. तू दारात उभा होतास. पोरानं तक्रार केली नाही, स्वयंपाकाच्या मावशींनी मला सांगितलं. साडेनऊ मिनिटं न थकणाऱ्या तुझ्या तोंडून तेव्हा एक शब्द फुटला नाही. आणि भाषणात बाबासाहेबांचं नाव घेतोस, ते काय तर ‘मितभाषी’ म्हणून! अरे, त्यांनी ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत ‘मूकनायक’ काढलं. शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले, आणि ते त्या काळचे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडू दिलं नव्हतं, त्यांचं गाऱ्हाणं छापायला हा खटाटोप होता. त्यांच्यावर मौन लादलेलं होतं. तुझ्यावर कुणी लादलं?

मागच्या बाकावरच्यांनो, हसू नका. तासाला तुमची कुजबुज थांबवायला मला डस्टर आपटावं लागतं आणि ‘कुणी केलं?’ विचारलं की अख्खा वर्ग मिठाची गुळणी धरतो.

मौन वाईट, असं मी म्हणत नाही. रोज अर्धा तास गप्प बसून वाचलंत तर तुमचं भलंच होईल. पण मौनाचाही हिशेब द्यावा लागतो. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ ला वर्षभराचं मौन धरलं, मध्येच आणीबाणी आली. त्यांच्या त्या काळातल्या भूमिकेबद्दल लोक अजून वाद घालतात. आयुष्यभर पायपीट केलेल्या माणसाला सूट नाही, मग तुला कशी मिळेल?

मधल्या सुट्टीत त्या पोराला शेजारी घेऊन जेव. नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत ये आणि चौघांची नावं सांग. बोलायची भीती वाटत असेल तर लिहून दे, कागद मी देतो. पण आजच्या आज दे.