अंगाला काय लागलंय?

नकळत घडलेलं पाप पाप धरावं का, हा प्रश्न आमच्या घरी एकादशीला चुकून खाल्लेल्या कांद्यापुरताच येई. आजी म्हणायची, "नकळत गेलं ते देवाच्या हिशेबात नसतं." देवाचा कारकून एकंदरीत उदार असावा.

ऑस्ट्रेलियातला नाही. क्वीन्सलंडमध्ये भाचा शेतीयंत्रांच्या कामावर असतो. त्याच्याबरोबर नोव्हेंबरात गुंडीविंडीला गेलो. (नाव ऐकून मी आधी शर्टाकडे पाहिलं.) नदीपलीकडे न्यू साउथ वेल्स. हार्वेस्टर पलीकडे न्यायचं तर आधी धुऊन, हवेच्या झोताने झाडून, तपासून घ्यावं लागतं. कशासाठी? तर आपल्या काँग्रेस गवतासाठी! परदेशात शेजारी भेटावा तसं झालं मला.

हे गवत आपल्याकडे 1955 च्या सुमारास पहिल्यांदा दिसलं ते पुण्यात. अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात. क्वीन्सलंडात क्लेरमाँटकडे ते 1960 मध्ये अमेरिकेहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून शिरलं. कुणीच मुद्दाम आणलं नाही. पण माझे वडील शेवटची दहा वर्षं त्या गवताने उठलेल्या चट्ट्यांना खोबरेल चोळत होते. खाजेला हेतू कळत नाही.

तपासनीस बॅटरी घेऊन यंत्राखाली उताणा शिरला तो बराच वेळ बाहेरच येईना. आला तेव्हा तळहातावर चिमूटभर भुसा होता. पुन्हा धुवा म्हणाला.

भाचा चिडला. "मामा, पलीकडे एकाचा गहू पिकून उभाय. रात्री पाऊस पडला तर त्याचं वर्ष गेलं! आम्ही काय मुद्दाम आणलंय?"

हे अगदी आजीचं वाक्य. आणि खोटं नव्हतं. त्या गहूवाल्याने तरी कुणाचं काय केलं होतं? पण तपासनिसाने 'कुणी आणलं' असं विचारलंच नव्हतं. चोर ठरवलं नाही, रागावला नाही. बी आहे की नाही, एवढंच तो बघत होता. आपल्याकडे उलटं. आधी तासभर दोष कुणाचा ते ठरतं, तोवर बी उगवून फुलावर येतं.

यंत्र धुऊन निघेपर्यंत अंधार पडला. आभाळ भरून आलेलं. भाचा घाईने जीपमध्ये बसला. मी पायांकडे पाहिलं. मोजे कुसळांनी भरलेले.

"मामा, तुमची तपासणी नाहीये. चला!"

मी कठड्यावर बसून मोजे काढायला लागलो.